डालग्याखालचा उन्हाळा

शेवटचं आमी दोघांनी मिळून काय केलं, तर एका डालग्यावर दगड ठेवला.

कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं. ते तळ्याच्या कडेला लाल मातीवर उपडं घातलेलं होतं. ऊन उतरलं होतं. माझी बायको यमुना म्हणाली, "ह्यो दगड हलका हाय. मुंगूस ढकलंल." मी दुसरा आणला. "ह्यो लई जड. डालगं चेपंल." मी तिसरा आणला. तिनं त्याच्याकडं धड बघितलं पण नाय. म्हणाली, "पयलाच बरा व्हता."

मी म्हणालो, "अगं बाई, दगड ठेवायचाय, जावई नाय निवडायचा."

ती हसली. पदराला हात पुसले आणि पहिलाच दगड आमी दोघांनी धरून डालग्यावर ठेवला. एकट्याला उचलण्यासारखा होता, तरी दोघांनी उचलला. मग ती चहा ठेवायला आत गेली.

डालग्याखाली मातीत अंडी होती. कोंबडीची नाय, कासवाची.

यंदा परत पळस फुललाय. टोकावड्याकडून माळशेजला जाणाऱ्या रस्त्याला कडेनं बघा, पान नाय झाडाला, नुसता जाळ. मोहाच्या फुलांचा गोड आंबूस वास सकाळी सकाळी येतो. या दिवसांत आमच्याकडं लोक चिडचिडे होतात. विहिरी तळाला जातात, हंडे रांगेला लागतात, जो तो आभाळाकडं बघून शिव्या घालतो. माझं उलटं आहे. होळी जवळ आली की मला जत्रेला जायचं असल्यासारखं होतं. झोप लवकर उघडते. पायाला चैन पडत नाय. कारण याच दिवसांत कासवीण पाण्याबाहेर येते आणि जागा शोधत फिरते.

ही कासवं आपल्या इकडची नाय. परदेशी आहेत. डोळ्याच्या मागं लाल पट्टा असतो, कुणी कुंकवाचं बोट ओढल्यासारखा. रस्त्याच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे, तिथं यमुना झाडलोट करायची. शेठच्या मुलांनी हौसेनं आणली तेव्हा ती बिस्किटाएवढी होती. मुलं मोठी झाली, कासवं त्याहून मोठी झाली. पाण्याला वास यायला लागला. शेठ म्हणाला, "बाई, ही नदीत सोडून द्या." यमुनेनं दोघांना रंगाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा डोक्यावर घेऊन निघाली. पण नदी लांब आणि तिचे गुडघे दुखत होते. म्हणून म्हणाली, दोन दिस राहू देत घरी, मग सोडू.

ते दोन दिवस काही संपले नाय.

घरामागं भिंतीसाठी माती काढलेला खड्डा होता. त्याला मी सिमेंट लावलं, एक ओंडका तिरका टाकला. सकाळी ऊन आलं की दोघं ओंडक्यावर चढून पाय मागं ताणून पडायची. चारी पाय हवेत! यमुना म्हणायची, "बघा, पेन्शनीत निघालेत." मासळीची डोकी, दुधीची साल, शेवग्याचा पाला, काहीही टाका, तोंड वासून हजर. पुढं कधीतरी फॉरेस्टचा माणूस आला. आपलं गावठी कासव घरात ठेवायला बंदी आहे, ते बघायला आला होता. लाल पट्टा बघितला आणि म्हणाला, "हे बाहेरचं हाय. ठेवा, पण ओढ्यात सोडू नका हां. आपल्या कासवांच्या तोंडचं सगळं खाऊन टाकंल." तो गेल्यावर यमुना गुडघ्यावर हात मारून म्हणाली, "बरं झालं दुखत व्हते." मग मी तळ्याभोवती गुडघाभर उंचीचा पत्रा ठोकला.

मादी जेवायच्या ताटाएवढी झाली. तिचं नाव मालकीण. नर बशीएवढाच राहिला. त्याची पुढची नखं लांबसडक. थंडी संपत आली की तो पाण्यात मालकिणीच्या तोंडासमोर उलटा पोहत जायचा आणि दोन्ही हात पुढं करून नखं थरथरवायचा. अशी थरथरवायचा की जणू तबला वाजवतोय. ती तोंड फिरवायची, हा परत पुढं. त्याचं नाव पडलं नाचऱ्या. एकदा आमी दोघं काठावर बसून बघत होतो. यमुना म्हणाली, "तुमी कवा असं केलंत का माझ्यापुढं?"

मी म्हणालो, "माझी नखं कुठं एवढी लांब?"

"नखाचं नाय ओ विचारीत," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की नाचऱ्या घाबरून तळाला गेला.

पहिल्या वर्षी मालकीण बाहेर आली तेव्हा आमाला वाटलं पळते आहे. पत्र्याला नाक लावून गोल गोल फिरत होती. मग एका जागी थांबली. मागच्या पायांनी उकरायला लागली. माती कडक, तर स्वतःच्या अंगातलं पाणी सोडून ती मऊ केली. एक पाय खाली, मूठभर माती वर. दुसरा पाय खाली, मूठभर माती वर. आणि एकदा पण मागं वळून बघितलं नाय. अंदाजानं सगळं. आमी दोघं श्वास धरून पत्र्याशी वाकलो होतो. खड्डा बघाल तर मडक्यासारखा, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात एक एक अंडं सोडलं. खडूसारखं पांढरं, आवळ्याएवढं पण लांबट. सोडलं की पायानंच हळू बाजूला सारायची. मग माती लोटली, पोटानं थापली, आणि पाण्यात गेली. संपलं. परत त्या जागेकडं ढुंकून बघितलं नाय.

यमुनेला ते सहन झालं नाय. "ही कसली आई? घातली अन् गेली?"

तेव्हा आमची चितकबरी कोंबडी खुडूक होती. खुडूक म्हणजे उबवायला बसलेली, अंगावर पिसं फुलवून, कुणी हात घातला की टोचणारी. यमुनेनं दुसऱ्या दिवशी ती अंडी उकरून काढली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. तिचा हिशोब सरळ होता. अंड्याला ऊब पाहिजे, कोंबडीकडं ऊब आहे. मला पण पटलं. अख्ख्या वाडीला पटलं. शेजारच्या हिरावहिनी तर म्हणाल्या, "कोंबडीला कासवं झाली तर मी तळ्यात उडी मारीन."

चितकबरी काय बसली! उन्हाळाभर उठली नाय. रोज चोचीनं एक एक अंडं उलटायची, फिरवायची, जसं आपल्या अंड्यांचं करते तसं. यमुना तिला तांदूळ हातानं भरवायची, "बस गो बाय, बस." कोंबडीच्या पिल्लांचा वेळ होऊन गेला, तरी काय नाय. शेवटी चितकबरीच कंटाळून उठली, अंडी पायानं उडवली आणि उकिरड्यावर निघून गेली. जाताना आमच्याकडं असं बघितलं, जणू आमीच तिला फसवलं. आमची मुलगी कविता वाशिंदला असते, तिनं मोबाईलवर वाचून सांगितलं. कासवाचं अंडं फिरवायचंच नसतं. जसं पडलं तसंच ठेवायचं, वरची बाजू वर. फिरवलं की आतलं मरतं. कोंबडीचं मात्र नाय फिरवलं तर मरतं. यमुनेनं ती अंडी गोळा करून मातीत पुरली. मग म्हणाली, "एकाची माया दुसऱ्याला नाय चालत."

पुढच्या वर्षी आमी हात लावला नाय, तर मुंगसानं उकरून नेली. सालपटं तेवढी पत्र्याखाली राहिली.

म्हणून तिसऱ्या, म्हणजे गेल्या वर्षी डालगं. म्हणून दगड.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. रिक्षा आणली. हिरावहिनी धावत आल्या. रिक्षात बसता बसता यमुना त्यांना म्हणाली, "येते गो." आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाय, 'येते'च म्हणतात. मुरबाडचा दवाखाना यायच्या आधीच ती गेली. याच्यापुढचं मी लिहीत नाय. ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नाय त्यांना सांगून कळणार नाय.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक आले, जेवले, गेले. कविता राहिली होती. मागच्या पडवीत बसून म्हणाली, "बाबा, आता चला माझ्याकडं. एकटं कसं राहणार?"

मी म्हणालो, "तळं?"

"तळ्याचं बघू ना. कुठल्या तरी संस्थेला देऊ कासवं. यांनी चौकशी केलीय." यांनी म्हणजे जावयानं.

"अन् अंडी?"

तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "बाबा, दोन वर्षं झालं काय नाय त्या अंड्यांचं. यंदा तरी काय होणार?"

"फुटली नाय तर तू म्हणशील तसं," मी म्हणालो. "पत्रा मीच उपटतो, तळं बुजवतो, पिशवी घेऊन तुझ्याकडं येतो."

"अन् फुटली तर?"

"तर मग बघू."

तिनं डोळे पुसले आणि हात पुढं केला. लहानपणी पैज लावायची तसा. मी टाळी दिली.

ती गेल्यावर घर असं मोठं झालं की सांगता येत नाय. आवाज केला तर परत येतो. सकाळी उठून मी पहिला डालग्याकडं जायचो. हात खाली सारून मातीवर ठेवायचो. सकाळी थंड, दुपारी चटका, संध्याकाळी ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी. मी उभ्या जन्मात भातशेती केली, पेरून वाट बघायची मला सवय आहे. पण भाताचा कोंब दिसतो. इथं वर सगळं तसंच. मुंग्या चालतात, ओंडक्याची सावली सरकते, डालग्याच्या भोकांतून उन्हाच्या टिकल्या मातीवर पडतात, आणि खाली काय चाललंय ते कुणाला ठाऊक नाय. हे मला तेव्हा फार आधाराचं वाटलं. वर माणूस रडत बसलेलं असलं तरी मातीखालचं काम थांबत नाय. त्याला माझी गरज नाय, माझ्या रडण्याशी त्याचं देणंघेणं नाय. तरी मी रोज जायचो. जीव सगळा तिथं अडकला होता.

कविता रोज फोन करायची. पहिल्यांदा विचारायची, "जेवलात का?" मग थोड्या दिवसांनी पहिला प्रश्न बदलला. "माती ओली ठेवताय ना? इथं लिहिलंय, पार सुकली तर पिल्लं अडकतात."

"कुठं लिहिलंय?"

"मोबाईलवर ओ."

"अन् किती ओली, ते लिहिलंय का?"

"चपातीच्या कणकेसारखी नाय, भाकरीच्या पिठात पयला हात घालतो तेवढी," ती म्हणाली, आणि ते काय मोबाईलवरचं नव्हतं, तिच्या आईचं बोलणं होतं. मग मी लोट्यानं पाणी शिंपडायला लागलो. एका हातानं डालगं उचलायचं, दुसऱ्या हातानं शिंपडायचं, परत दगड. त्या दिवसांत पाण्याची मारामार. हिरावहिनी कुंपणावरून ओरडल्या, "भावजी, माणसांना प्यायला नाय अन् तुमी मातीला पाणी घालताय?"

"भाजी धुतलेलं हाय वहिनी."

"मंग माझ्याकडलं पण घेऊन जावा. तांदूळ धुतलेलं चालंल का?"

"चालंल."

या हिरावहिनींच्या देवळात महादेवासमोर दगडाचं कासव आहे. मालकिणीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या हळद-कुंकू घेऊन आल्या होत्या. आमी बौद्ध, आमच्यात हे नाय. मी तोंड उघडणार तेवढ्यात यमुना म्हणाली, "हळद लाव गो, कुंकू नको. पाण्यात रंग सुटतो." मी म्हणालो, वहिनी, हे अमेरिकेचं कासव आहे, त्याला मराठी पण येत नाय. तर त्या म्हणाल्या, "देवाला सगळ्या भाषा येतात." यावर काय बोलणार? मालकिणीनं मात्र त्यांचं बोट पकडायला तोंड वासलं, तेव्हापासून त्या लांबूनच हात जोडतात.

करवंदं काळी झाली. संपली. आंबे उतरले. मी मनात वाशिंदची तयारी सुरू केली होती. कुठलं भांडं न्यायचं, कुठलं वाटायचं. यमुनेच्या साड्यांना हात लावला नव्हता. कविताच्या घरची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी डोळ्यासमोर यायची. बाहेर दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे. पण तिथं हाताला काम काय? टीव्हीचा रिमोट.

आणि मग ते झालं.

सकाळचं ऊन नुकतं आत आलं होतं. मी लोटा घेऊन गेलो, डालगं उचललं. मातीत मधोमध एक भोक. बोट जाईल एवढं. काल नव्हतं. वाटलं साप गेला आत. मी मांडी घालून बसलो. भोकाच्या कडेची माती हलली. एक कण घरंगळला. मग एक हिरवं टोक वर आलं. नाक! तांदळाच्या दाण्याएवढं नाक, त्यावर मातीचा कण, आणि मागं डोळा. तो डोळा उघडा होता आणि माझ्याकडं बघत होता. आणि डोळ्यामागं लाल पट्टा. ताजा, ओला, आत्ताच कुणी ओढल्यासारखा.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाय. हिरावहिनी सांगतात की मी "यमुने!" असं ओरडलो. जन्मात तिला नावानं हाक मारली नव्हती. वहिनी पिठाच्या हातानंच पत्रा ओलांडून आल्या.

"काय झालं? पडलात काय?"

"बघा! हिकडं बघा!"

त्या वाकल्या. "अगं बाई. अगं बाई गं. हे तर बटणाएवढं."

"खाली अजून हायेत. माती हलतेय."

"हात लावू नका! त्या चितकबरीसारखं उलटं नका करू!"

आमी दोन म्हातारी माणसं मातीत तोंड घालून बसलो. एक बाहेर आलं, पाठीवर अंड्याचं कवच टोपीसारखं अडकलेलं. ते तसंच चालायला लागलं. थेट पाण्याच्या दिशेला! कुणी सांगितलं नाय, दाखवलं नाय. मी घमेल्यात बोटभर पाणी घेतलं आणि त्यात सोडलं, कारण तळ्यात सोडलं तर मालकीणच गिळायची. दुसरं निघालं. मग थोडा वेळ काय नाय, मग दोन एकदम, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन. वहिनी टाळ्या वाजवायला लागल्या, हाताचं पीठ उडत होतं. मी हसत होतो आणि नाक पुसत होतो आणि परत हसत होतो. वाडीतली सगळी पत्र्याभोवती जमा झाली. वहिनींना कुणीतरी आठवण केली, कोंबडीला कासवं झाली तर उडी मारणार होतात ना? त्या म्हणाल्या, "कोंबडीला झाली काय? मातीला झाली!"

कविताला फोन लावला, तोंड दिसतं तसला. कुणीतरी घमेल्यावर धरला. कविता ऑफिसात होती. तिनं तोंड फोनच्या पार जवळ आणलं. मग म्हणाली, "अजून जवळ धरा. अजून जवळ." मग मागं वळून कुणाला तरी म्हणाली, "माझ्या आईची हायेत." मग मला म्हणाली, "बाबा, तुमाला ठाऊक हाय का, माती तापलेली असली की सगळ्या माद्या होतात. थंड असली की नर. यंदा केवढा उन्हाळा झाला. सगळ्या मुलीच असणार."

"सगळ्या?"

"बहुतेक सगळ्या."

फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "मग, बाबा? येणार ना?" मी म्हणालो, उद्या येतो, समोर बसून बोलू.

दिवसभर मी घमेल्यापाशी होतो. एवढ्यांचं करायचं काय? ओढ्यात सोडायची नाय. कुणाला द्यायची तर ती पण उद्या डब्यात घालून नदीकडं निघणार, आणि सगळ्यांचेच गुडघे काय दुखत नसतात. म्हणजे दुसरं तळं आलं. पाऊस लागायच्या आत खणायला पाहिजे, पत्रा वाढवायला पाहिजे. कुदळीचा दांडा सैल झाला होता, त्याला पाचर मारली. घरात कितीतरी दिवसांनी ठोकल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घातला, घमेलं हिरावहिनींच्या नजरेखाली ठेवलं आणि पहिल्या एसटीनं टोकावड्याच्या नाक्यावर उतरलो. मिठाईवाला किसन दुकानाच्या फळ्या काढत होता. तो यमुनेच्या कार्यक्रमाला येऊन गेला होता. मी म्हणालो, बर्फी दे. आमच्याकडं मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी. त्याचा हात तिथंच थांबला. दुःखाच्या घरात वर्षभर गोड करत नाय, हे त्याला ठाऊक, मला पण ठाऊक.

"आबा," तो हळू आवाजात म्हणाला, "कुणाला मुलगी झाली?"

"मुली. आमच्याकडं."

"कविताला? मला कसं नाय कळलं?"

"कविताला नाय रे. तळ्यात."

त्याला हसावं की नाय ते कळेना. मग विचारलं, "किती?"

"मोजल्या नाय. मी निघालो तेव्हा अजून एक वर येत व्हती. तू तुकडे बारीक कर, सगळ्या वाडीला पुरली पायजे. अन् एक डबा वेगळा बांध, चांगला दोरी लावून. तो वाशिंदला न्यायचाय."

"लेकीला?"

"व्हय. आधी तिचं तोंड गोड करतो," मी म्हणालो, "मग सांगतो, मी राहायला येत नाय म्हणून."